मैफलींच्या ४४ कॅसेट आणि बदलबिंदूंचा शोध : ग्वाल्हेरच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरून काकांच्या ४४ कॅसेट आज खाली काढल्या. १९७९ ते १९९३ या काळात घरी आणि ओळखीच्यांच्या दिवाणखान्यांत झालेल्या मैफली त्यांनी एका साध्या, उचलून नेता येणाऱ्या टेपरेकॉर्डरवर घेतल्या होत्या. त्यांपैकी ३१ कॅसेट नव्वद मिनिटांच्या आणि १३ साठ मिनिटांच्या आहेत, म्हणजे एकूण साडेएकोणसाठ तासांचे ध्वनिमुद्रण आहे. वेष्टनांवर बहुतेक ठिकाणी नुसते गायकाचे आडनाव आणि महिना लिहिलेला आहे. कोणता राग कुठे सुरू होतो याचा काहीही पत्ता नाही.

मला प्रत्येक बाजूची अनुक्रमणिका करायची आहे. तानपुरे जुळवणे, बोलणे, बडा (विलंबित) ख्याल, छोटा (द्रुत) ख्याल, टाळ्या आणि पुढचा राग, या प्रत्येकाची वेळ तिच्यात हवी. सगळे ऐकून वेळा टिपायच्या म्हटल्या तर मागे-पुढे करण्यात दीडशे तास सहज जातील. म्हणून ध्वनीचे गुणधर्म जिथे बदलतात ती ठिकाणे, म्हणजे बदलबिंदू, संगणकाने सुचवावीत आणि माणसाने तेवढीच तपासावीत, असे ठरवले आहे. ज्यांच्या घरी अशीच पेटी पडून आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

१९ जानेवारी

कॅसेट डेकमधला रबरी बेल्ट वितळून डांबर झाला होता. नया बाजारातील एका दुरुस्तीवाल्याने बसवलेला पहिला बेल्ट किंचित सैल निघाला आणि तानपुऱ्याचा षड्ज लाटेसारखा हलू लागला, त्यामुळे आठवडा वाया जाऊन दुसरा बेल्ट घालावा लागला. बेल्टचे २२० रुपये, मजुरी ६००, फीत वाचणारे हेड पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल १५० रुपयांचे, संगणकाला जोडण्यासाठी ऑडिओ इंटरफेस २,४०० रुपयांचा आणि साठवणीसाठी डिस्क ४,३०० रुपयांची, असा एकूण खर्च ७,६७० रुपये झाला.

२ फेब्रुवारी

सहा कॅसेट घेऊन झाल्यावर लक्षात आले की आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा येत आहे. काकांच्या रेकॉर्डरच्या हेडचा तिरकेपणा आणि माझ्या डेकच्या हेडचा तिरकेपणा जुळत नसल्यामुळे वरच्या वारंवारता गळत होत्या. हेडशेजारचा छोटा स्क्रू पाव फेरा फिरवताच तबल्याच्या चाटेचा टणत्कार परत आला. सहाही कॅसेट पुन्हा घ्याव्या लागल्या आणि नऊ तास फुकट गेले. ही चूक नुसती कानाला खटकणारी नव्हती. पुढे ज्या मोजमापांवर बदल शोधायचे होते त्यांतली निम्मी वरच्या वारंवारतांवर अवलंबून होती, आणि तसेच पुढे गेलो असतो तर बदल झाला असे मानण्यासाठी प्रत्येक कॅसेटला वेगळे उंबरठे लागले असते.

सर्व मुद्रण एकाच वाहिनीत, सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट या मापाने ठेवले आहे. तासाला सुमारे ३१८ एमबी लागतात आणि सगळे मिळून १९ जीबीच्या आत बसते.

९ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न सर्वांत सोप्या मार्गाने केला. ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये कारखान्यातील उत्पादनावर लक्ष ठेवण्यासाठी मांडलेली संचयी बेरजेची पद्धत घेतली, जिच्यात अपेक्षित सरासरीपासूनची तफावत साठवत जायची आणि साठा उंबरठ्यापलीकडे गेला की बदल झाला असे म्हणायचे. मोजमाप म्हणून आवाजाची पातळी घेतली. गाणे मोठे, बोलणे हळू, टाळ्या सर्वांत मोठ्या, असा माझा हिशोब होता.

तो पूर्णपणे चुकला. काकांच्या रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सावरणारी सोय होती. खोलीत शांतता झाली की यंत्र आवाज वाढवत नेते आणि काही सेकंदांतच पंख्याची घरघर गाण्याइतकी मोठी ऐकू येते. टाळ्या पडल्या की ते आवाज दाबते आणि पुढची अर्धी ओळ दबलेलीच राहते. म्हणजे मी जे मोजत होतो ती मैफलीची पातळी नव्हती, यंत्राने सपाट केलेली पातळी होती. कॅसेट क्र. ४ च्या पहिल्या बाजूवर दाखवलेल्या २३ बदलांपैकी १५ त्या सोयीच्या चढउताराचे निघाले. पातळी हे मोजमाप कायमचे बाद केले.

१६ फेब्रुवारी

आता पातळीशी संबंध नसलेली मोजमापे घेतली आहेत. वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती ऊर्जा आहे याचा आलेख, किती सपाट आहे (टाळ्यांमध्ये तो सपाट असतो आणि तानपुऱ्यात टोकदार), ऊर्जेचा मध्य कोणत्या वारंवारतेवर आहे, आणि बोलणे ओळखण्यासाठी वापरले जाणारे केप्स्ट्रमचे (वर्णपटाचा एकूण आकार थोडक्यात सांगणारे) पहिले बारा गुणांक. गणित पायथन या संगणकभाषेतील लिब्रोसा या ध्वनिविश्लेषणाच्या संग्रहाने केले आणि बदलबिंदू रप्चर्स या संग्रहातील पेल्ट पद्धतीने काढले. किलिक, फर्नहेड आणि एकली यांनी २०१२ मध्ये मांडलेली ही पद्धत सर्व शक्य विभागण्यांमधून सर्वांत स्वस्त विभागणी शोधते आणि प्रत्येक नव्या तुकड्यासाठी ठरावीक दंड आकारते. दंड कमी ठेवला तर तुकडेच तुकडे, जास्त ठेवला तर सगळी बाजू एकच तुकडा. पुढचा सगळा त्रास या दंडाच्या आकड्यानेच दिला.

पंचेचाळीस मिनिटांच्या एका बाजूचे मोजमापासाठी २३ मिलिसेकंदांचे सुमारे १,१६,००० बारीक तुकडे होतात. पुस्तकी दंड लावून चालवले तेव्हा उत्तर आले १,९४० बदलबिंदू. जवळजवळ प्रत्येक तान, प्रत्येक श्वास आणि तबल्याचा प्रत्येक भरणा वेगळा ‘बदल’ ठरला होता.

याचे कारण सापडायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पुस्तकी दंडामागे असे गृहीत आहे की लागोपाठची मोजमापे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. गाण्यात हे मुळीच खरे नाही, कारण गायक निषादावर थांबला असेल तर पुढचे शंभर बारीक तुकडेही निषादाचेच असतात. प्रथम दोन-दोन सेकंदांची सरासरी घेऊन १,३५० आकडे केले. तरीही लागोपाठच्या दोन आकड्यांतला सहसंबंध ०.८ च्या आसपास राहिला. असा सहसंबंध असेल तेव्हा सरासरीची खरी अस्थिरता (१ + ०.८) भागिले (१ − ०.८), म्हणजे नऊपट असते. दंड नऊपट केल्यावर १,९४० चे ३१ झाले. हे एकच साधे गुणन मी पहिल्या दिवशी केले असते तर आठवडा वाचला असता.

२ मार्च

३१ बरोबर की चूक, हे ठरवायला खरे उत्तर हातात हवे. त्यासाठी १२ बाजू काकूंबरोबर बसून ऐकल्या. काकूंनी माधव संगीत महाविद्यालयात गाणे शिकलेले आहे आणि काकांच्या बहुतेक मैफलींना त्या स्वतः हजर होत्या, त्यामुळे याहून चांगला कान मिळणे शक्य नव्हते.

तरीही अडचण आली. बडा ख्याल कुठे सुरू झाला, यावर आमचे जमेना. तबल्याने ठेका धरला ती वेळ मी लिहीत होतो, काकू म्हणत, “अरे, त्याने ‘सा’ लावला तेव्हाच राग सुरू झाला, तू तबल्यासाठी कशाला थांबलास?” ग्वाल्हेर गायकीत सुरुवातीची आलापी थोडक्यात आटोपून लगेच स्थायी-अंतरा मांडतात, त्यामुळे हा फरक मिनिटाभराच्या आत राहतो, पण मी दहा सेकंदांच्या फरकापर्यंतच बिंदू बरोबर धरणार होतो, आणि त्या हिशोबात चाळीस सेकंद म्हणजे सरळ चूक. शेवटी दोन वेगळ्या खुणा ठेवल्या, रागाची सुरुवात आणि ठेक्याची सुरुवात. १२ बाजूंवर मिळून १३१ खुणा झाल्या. संगणकाला काय शोधायला सांगायचे हे आपणच ठरवलेले नसते, हे या चार रविवारांत नीट कळले.

९ मार्च

पहिली मोजणी. संगणकाने १२ बाजूंवर २०४ बिंदू सुचवले आणि माझ्या प्रोग्रामने सांगितले की १३१ पैकी ९१ खुणा सापडल्या. मी ही बातमी काकूंना सांगूनही आलो. रात्री यादी पाहताना दिसले की एका खुणेजवळ दोन सूचना आल्या की दोन्ही ‘सापडल्या’ म्हणून मोजल्या जात होत्या. एका खुणेला एकच सूचना असा नियम घातल्यावर आकडा ७९ वर आला, म्हणजे ५२ खुणा निसटल्या आणि १२५ सूचना खोट्या ठरल्या. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन काकूंना हा आकडाही सांगितला.

निसटलेल्या खुणांत बहुतेक एका रागातून दुसऱ्या रागात, मध्ये फारसे न थांबता, गेल्याच्या होत्या. गायक तोच, तानपुरे तेच, तबला तोच. आवाजाच्या पोतावरून, म्हणजे वर्णपटाच्या मोजमापांवरून, काही कळणारच नव्हते.

२३ मार्च

रागबदलासाठी स्वरांचा हिशोब मांडला. गळ्याचा स्वर यिन या मूळ वारंवारता मोजणाऱ्या पद्धतीने काढला, सर्व सप्तके एकावर एक घडी केली आणि प्रत्येक तुकड्यात कोणता स्वर किती वेळ लागला याचा आलेख करून त्या आलेखात बदल शोधला. यमन संपून मालकंस सुरू झाला की पंचम आणि रिषभ नाहीसे होतात, तेव्हा हे अगदी स्वच्छ दिसायला हवे होते.

ते दिसलेही, पण त्याबरोबर प्रत्येक रागाच्या पोटात चार-पाच खोटे बदल दिसले. मी तुकडा तीस सेकंदांचा घेतला होता. बढत करताना, म्हणजे राग सावकाश वाढवत नेताना, गायक एकेका स्वराभोवती दोन-दोन मिनिटे फिरतो. आधी मंद्रातला धैवत-निषाद, मग षड्ज, मग गांधार. तीस सेकंदांच्या आलेखाला यातला प्रत्येक टप्पा नवा राग वाटतो आणि अंतरा तर हमखास वाटतो. राग उलगडण्याची रीतच अशी आहे की त्याची सरासरी एका जागी राहत नाही. तुकडा चार मिनिटांचा करून आणि प्रत्येक बाजूला किमान सहा मिनिटांचा विभाग सक्तीचा करून बहुतेक खोटे बदल गेले. अर्थात एवढ्या मोठ्या तुकड्याने वेळ ढोबळ मिळते, म्हणून आधी ढोबळ जागा शोधायची आणि मग तिच्या आजूबाजूच्या आठ मिनिटांत पोताच्या मोजमापांनी नेमकी जागा शोधायची, अशी दोन फेऱ्यांची रचना केली.

एका बाजूवर भूपानंतर शुद्ध कल्याण आहे. स्वरांच्या आलेखात हे दोघे इतके जवळ येतात की मी कितीही दंड कमी-जास्त केला तरी सांधा दिसला नाही. तो सापडला मध्ये तबलजीने हातोडीने तबला मिळवून घेतल्यामुळे.

६ एप्रिल

छोट्या ख्यालांनी वेगळीच गंमत केली. ठेक्याची लय मोजून तिच्यात बदल शोधले तर विलंबित संपून द्रुत सुरू होण्याची जागा अचूक मिळाली, पण पुढच्या अकरा मिनिटांच्या द्रुतात सात बदल दाखवले गेले, जवळपास सारख्या अंतरावर. आलेख पाहिला तेव्हा जिन्याच्या पायऱ्या दिसल्या. पेल्टला मी सांगितले होते की प्रत्येक तुकड्यात लय स्थिर असते. द्रुतात ती स्थिर नसतेच, हळूहळू चढत जाते. चढणीवर सपाट तुकडे बसवायला सांगितल्यावर पायऱ्याच मिळणार. प्रत्येक तुकड्यात सपाट सरासरीऐवजी तिरकी सरळ रेषा बसवण्याचा पर्याय घेतला आणि सातांपैकी सहा गेले. उरलेला एक खरा होता, तिथून तराणा सुरू होतो आणि आम्हा दोघांच्याही कानातून तो सुटला होता. खुणा १३२ झाल्या.

२७ एप्रिल

या नोंदीतला प्रकार मला आधी कुणी सांगितला असता तर बरे झाले असते.

कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर असायला हवा, पण जुन्या यंत्रांत तो नेमका नसतो. वेग एक टक्क्याने चुकला की सूर १७ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकतो. वेग दुरुस्त करण्यासाठी मुद्रणात मिसळलेल्या विजेच्या गुणगुणीचा आधार घ्यावा, ती ५० हर्ट्‌झवर असायला हवी, असे मी ठरवले. सर्व कॅसेटवर ती रेषा ५० वर इतकी स्थिर निघाली की काकांच्या यंत्राचे कौतुक वाटले. नंतर डेकमध्ये कॅसेट न घालता मोजले, तरी रेषा तिथेच! ती माझ्या डेकची, आजच्या विजेची गुणगुण होती. मुद्रणातली खरी गुणगुण तिच्या शेजारी फिकट दिसत होती, ४८.६ वर, ४९.३ वर, कुठे ५१ वर.

तिच्यावरून वेग सुधारण्याचा विचारही सोडावा लागला. उपलब्धतेवर आधारित वीजदर (वारंवारता घसरलेली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणे महाग करणारे) २००२-०३ मध्ये लागू होण्याआधी आपल्या ग्रिडची वारंवारता स्वतःच ५० पासून बरीच खाली-वर होत असे. त्यामुळे ४८.६ हा टेपचा दोष की त्या संध्याकाळच्या विजेचा, हे वेगळे करता येत नाही. या वाटेवर तीन आठवडे गेले.

मात्र एक गोष्ट हाती लागली. नऊ बाजूंवर ही फिकट रेषा मध्येच नाहीशी होते आणि नेमक्या त्याच क्षणी वर चढत जाणारी छोटी चित्कारासारखी किंकाळी ऐकू येते. माझ्या यादीत हे सगळे ‘खोटे बदल’ म्हणून जमा होते. काकूंनी एकच वेळ ऐकून सांगितले, “लाइट गेली आहे. तुझे काका वायर उपटून सेलवर लावायचे.” वीज जाताना रेकॉर्डरची फीत मंदावते, मंद फितीवर मुद्रित झालेला सूर नेहमीच्या वेगाने वाजवला की वर पळतो. बदल अगदी खरा होता, फक्त मी त्याच्यासाठी रकाना केला नव्हता. आता अनुक्रमणिकेत ‘वीज गेली’ असा रकाना आहे.

११ मे

सेलचाच पुढचा परिणाम. कॅसेट क्र. १२ च्या दुसऱ्या बाजूवर वीज गेल्यानंतर सेल उतरत गेले, फीत हळूहळू मंदावली आणि आज वाजवताना षड्ज चढत जातो. सुरुवातीला १३८.६ हर्ट्‌झ, म्हणजे काळी एक, आणि बाजू संपताना १४३.५, सुमारे ६० सेंटची चढण. स्वरांच्या आलेखाने अर्थातच मध्ये दोन नवे राग सुरू झाल्याचे सांगितले होते.

गुणगुण नाही म्हटल्यावर तानपुऱ्याचाच आधार घेतला. दर मिनिटाला तानपुऱ्याचा षड्ज मोजला, त्या बिंदूंमधून गुळगुळीत वक्र काढला आणि त्यानुसार नमुने ताणून घेतले. पहिल्या खेपेला मोजणी मधूनच षड्ज सोडून पंचमावर उडी मारत होती आणि दुरुस्त केलेले गाणे भीषण ऐकू आले. मागच्या मिनिटाच्या षड्जापासून ८० सेंटपेक्षा लांब पाहायचेच नाही, अशी अट घातल्यावर ते थांबले. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात दुपारी संगणक बंद ठेवावा लागतो, म्हणून हे काम पहाटे पाच ते आठ या वेळातच झाले.

१ जून

सगळ्या दुरुस्त्यांनंतर त्याच १२ बाजूंवर पुन्हा मोजले. १३२ पैकी ११३ खुणा सापडल्या, १९ निसटल्या आणि खोट्या सूचना १२५ वरून ४६ वर आल्या. हे आकडे मात्र कुणी मनावर घेऊ नयेत, कारण दंड, तुकड्यांची लांबी आणि अटी मी याच १२ बाजू पाहून ठरवल्या होत्या. सुरुवातीलाच चार बाजू वेगळ्या काढून ठेवायला हव्या होत्या. तसे केले नाही म्हणून काकूंना पुन्हा बसवावे लागले. नव्या चार बाजूंवर त्यांनी ३८ खुणा केल्या, त्यांतल्या २९ सापडल्या आणि १७ सूचना खोट्या निघाल्या. निसटलेल्या नऊपैकी सहा खुणा ‘रागाची सुरुवात’ या प्रकारच्या आहेत, जिथे तानपुरे जुळवता जुळवताच गायकाने गुणगुणायला सुरुवात केली आहे. त्या जागा काकू सोडून कुणालाच सापडतील असे वाटत नाही.

२२ जून

सर्व ४४ कॅसेटची यादी तयार झाली. एका पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूच्या सूचना तपासायला आता सरासरी बारा मिनिटे लागतात. जानेवारीपासून माझे सुमारे २१० तास गेले, म्हणजे सगळे नुसते ऐकून लिहिले असते त्यापेक्षा साठ जास्त. काकूंचे वीस तास त्यात धरलेले नाहीत. शेजारच्या एका घरी अशाच ७० कॅसेट आहेत आणि त्या लवकरच इकडे यायच्या आहेत, त्यामुळे हिशोब तिथे जुळेल. त्या घरी रेकॉर्डर वेगळा होता, म्हणून सहसंबंध पुन्हा मोजून दंड नव्याने ठरवणार आहे, ०.८ हा आकडा माझ्या कॅसेटचा आहे, तो तसाच उचलू नये.

कॅसेट क्र. ९ ची दुसरी बाजू अजून अडून बसली आहे. तिच्यावर टप्पा हा गायनप्रकार आहे, आणि टप्प्याच्या सलग, धावत्या तानांमध्ये स्वरमोजणी इतकी गोंधळते की दर दोन मिनिटांनी नवा राग सुरू झाल्याची सूचना येते. सध्या त्या बाजूसाठी स्वरांचा आलेख बंद करून फक्त लय आणि पोत यांवर चालवले आहे, आणि आलेल्या सात सूचनांपैकी पाच बरोबर आहेत. उरलेल्या दोन जागी नेमके काय आहे, ते काकू रविवारी ऐकणार आहेत.